गवत विका, जमीन नको!

दिवाळीच्या आधी गावाहून आत्याचा फोन आला. "बाळा, शहरातला एक साहेब आलाय. आपलं खालचं वावर घोडी चारायला मागतोय. महिन्याला चार हजार देतो म्हणतो, वर्षाचं एकदम. अंगठा द्यायच्या आधी तुला इचारावं म्हनलं."

अंगठा देण्याआधी विचारले, यातच आत्याचा मोठेपणा आहे. वकिलीच्या वीस वर्षांत माझ्याकडे आलेली जमिनीची बहुतेक प्रकरणे अंगठा दिल्यानंतर आलेली आहेत. माणूस कागद घेऊन येतो, तेव्हा सही होऊन सात-आठ वर्षे उलटलेली असतात, जमिनीवर दुसऱ्याचे कुंपण उभे असते आणि पैसे केव्हाच संपलेले असतात. म्हणून आजचा हा लेख. विषय लहान वाटेल. सव्वा एकराचे पडीक वावर आणि त्यात चरणारी चार-सहा घोडी, यात चळवळीचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. आपल्या हातातून जमीन कशी जाते हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने हे सव्वा एकर नीट पाहावे.

आत्याचे ते वावर महार वतनाचे आहे. सातबारावर 'इनाम वर्ग ६-ब' आणि 'भोगवटादार वर्ग–२' असे दोन शेरे आहेत. आत्या विधवा आहे. थोरला मुलगा कारखान्यात कंत्राटी कामगार, धाकटा रिक्षा चालवतो. दोघेही शहरात. बैल नाही, विहीर नाही, ट्रॅक्टरच्या भाड्याला पैसा नाही. तीन वर्षे वावर पडून होते. पावसाळ्यात गुडघाभर गवत उगवते आणि शेजारचे बागायतदार फुकटात गुरे घालतात. अशा वेळी वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार कुणी समोर ठेवले, तर ते नाकारा असे सांगणे सोपे नाही. त्यातून नातीची नर्सिंग कॉलेजची फी भरायची होती. आत्याच्या मनात तो आकडा पक्का बसला होता.

मी रविवारी गावी गेलो. पाचशेच्या स्टॅम्पवर करारनामा तयार होता. मथळा होता, 'घोडे चारण्यासाठी जमीन वापरण्याचा करार'. आत वाचत गेलो. मुदत दहा वर्षे. जमिनीला कुंपण घालून पूर्ण ताबा घ्यायचा. 'कच्चे अथवा पक्के' बांधकाम करायचे. बोअर घ्यायचा. विजेच्या जोडणीसाठी 'आणि जमिनीसंबंधीच्या इतर सर्व कामांसाठी' कुलमुखत्यारपत्र द्यायचे. मुदत संपल्यावर जमीन विकत घेण्याचा पहिला हक्क त्याच गृहस्थाचा. घोड्याचे नाव मथळ्यात एकदा आणि शेवटी एकदा आले होते. मधली चार पाने जमिनीची होती.

आता साधा हिशेब करू. हिशेबाला वकील लागत नाही. हा गृहस्थ शहराजवळ घोडेस्वारीचा क्लास चालवतो. त्याच्याकडे सहा घोडी. चारशे किलो वजनाच्या घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे आठ किलो. सहा घोड्यांना अठ्ठेचाळीस किलो. महिन्याला जवळजवळ दीड टन. आपल्या कोरडवाहू माळावर सव्वा एकरात अख्ख्या हंगामात मिळून एवढे गवत जेमतेम निघते. म्हणजे सहा घोडी तिथे एक महिना चरतील, पुढचे अकरा महिने माती चाटतील. ब्रिटनसारख्या बारमाही हिरव्या देशातसुद्धा एका घोड्याला एक ते दीड एकर कुरण असावे असा दंडक आहे. सहा घोड्यांचा मालक हे जाणत नसेल काय? तो चांगला जाणतो. एका महिन्याच्या गवतासाठी कुणी बारा महिन्यांचे भाडे आगाऊ देत नाही. त्याला गवत नको होते, रस्त्याच्या कडेची जागा हवी होती. आज तबेला, उद्या कार्यालय, परवा फार्महाऊस.

याचा अर्थ घोडी पाळणारा प्रत्येक माणूस लबाड असतो असा नाही. माथेरानचे, पाचगणी-महाबळेश्वरचे घोडेवाले हातावर पोट असलेली माणसे आहेत. लग्नाच्या वरातीला घोडी पुरवणारा माणूस आपल्याइतकाच गरीब असतो. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या जत्रेत घोडी विकायला आलेल्याला वाटेत चाऱ्याची गरज लागतेच. गरज खरी असते, आणि आपल्या पडीक वावरातले गवतही खरे असते. ही गरज भागवताना कागद कसा करायचा, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या गावगाड्यात याची एक जुनी रीत आहे. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घोड्यांवर संसार लादून फिरतीवर निघतात. शेतकरी त्यांना रानात मेंढरं बसवायला सांगतो. मेंढरं काडी-पाला खातात, रात्री तिथेच बसतात, रानाला लेंडीखत मिळते. शेतकरी धनगराला धान्य किंवा पैसे देतो. वाडा चार रात्री राहतो आणि पुढे जातो. कधी कुणा धनगराने शेतावर ताबा सांगितला आहे काय? नाही. कारण तो येतो, चारतो आणि जातो. चराई या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. ज्या चराईत कुंपण आहे, बोअर आहे, मुखत्यारपत्र आहे, तिला चराई म्हणू नका.

कायद्याकडे वळतो. वाचकांनी कंटाळू नये, कारण नेमक्या याच ठिकाणी आपण फसतो.

पहिली गोष्ट जमिनीच्या प्रकाराची. महार वतन ही जमीन आपल्या पूर्वजांना बक्षीस मिळालेली नव्हती. चोवीस तासांच्या वंशपरंपरागत गुलामीचा तो मोबदला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते या गुलामीवर घाव घालण्यासाठी. १९३९ साली हरेगावला वतनदारांची परिषद झाली, तिच्यातही हाच प्रश्न होता. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्याने वतने गेली, सेवा गेली आणि जमीन भोगवट्याची किंमत भरून मूळ वतनदाराला पुन्हा देण्याची तरतूद झाली. पण एक अट राहिली. या कायद्याच्या कलम ५ पोटकलम ३ प्रमाणे अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. लोकांना वाटते हस्तांतर म्हणजे फक्त विक्री. तसे नाही. भाडेपट्टा हेही हस्तांतर आहे. दहा वर्षांचा ताबा देणारा करार परवानगीशिवाय केला, तर तो शर्तभंग ठरू शकतो, आणि शर्तभंगाची शिक्षा जमीन घेणाऱ्याला होते तशी देणाऱ्यालाही भोगावी लागते. जमीन सरकारजमा करण्याची कारवाई सुरू झाली की तहसीलच्या पायऱ्या घोडेवाला झिजवत नाही, आत्याला झिजवाव्या लागतात.

दुसरी गोष्ट कुळकायद्याची. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात १९४८ चा कुळकायदा आहे, मराठवाड्यात आणि विदर्भात त्याचे वेगळे कायदे आहेत. १९४८ च्या कायद्याचे कलम ६३ असे सांगते, की जो शेतकरी नाही त्याच्या नावे शेतजमिनीची विक्री, दान, अदलाबदल किंवा भाडेपट्टा परवानगीशिवाय वैध नाही. असा व्यवहार झाला तर कलम ८४-क खाली तहसीलदार चौकशी करून तो अवैध ठरवू शकतो आणि जमीन सरकारकडे जाऊ शकते. शहरातला क्लासवाला शेतकरी आहे की नाही, हे आत्याने कधी विचारले होते काय? विचारायचे असते हेच तिला कुणी सांगितले नव्हते.

याच कायद्यात 'शेती' शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गवत पिकवणे ही शेती आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीचा चराईसाठी वापर करणे हीसुद्धा शेती आहे. पण स्वतःच्या शेतीची गुरे सोडून इतर चराई हा कायद्याने शेतीला 'जोड व्यवसाय' मानला आहे, शेती नव्हे. बारकावा लहान दिसतो, परिणाम मोठा होतो. दुसऱ्याची घोडी आपल्या वावरात नुसती चरून गेली, तर तो माणूस कुळ होत नाही. पण त्याच माणसाने वावर नांगरले, लसूणघास पेरला, पाणी दिले, कापणी केली, तर तो गवत पिकवतो आहे, म्हणजे शेती करतो आहे. मग तो कलम ४ चा आधार घेऊन 'मी कायदेशीरपणे कसणारा, म्हणून कुळ' असे म्हणायला मोकळा होतो, आणि कलम ३२-ओ खाली जमीन विकत घेण्याचा दावा टाकतो. दावा टिकेल की नाही हा पुढचा प्रश्न. दावा पडला की दहा वर्षे गेली. म्हणून सांगतो, घोडी कुणाचीही चरू द्या, आपल्या वावरात पेरणी फक्त आपली.

बाबासाहेबांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला. कुळाला न्याय मिळावा ही आपल्या चळवळीचीच मागणी होती. कुळकायदा आपला शत्रू नाही. पण जो कायदा राबणाऱ्यासाठी झाला, त्याचा आसरा मोटारीतून येणारा माणूस एका विधवेच्या सव्वा एकरावर घेऊ लागला, तर आपण डोळे मिटून बसायचे काय?

तिसरी गोष्ट पक्क्या बांधकामाची. हे लोक 'लीव्ह अँड लायसन्स' हा शब्द फार प्रेमाने वापरतात. "हा भाडेपट्टा नाही हो, नुसता परवाना आहे," असे म्हणतात. परवान्याची व्याख्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, कलम ५२ मध्ये आहे. परवाना म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर काही करण्याची मुभा. ती जमिनीत हक्क निर्माण करीत नाही आणि एरवी मागे घेता येते. पण त्याच कायद्याचे कलम ६० असे सांगते, की परवान्यावर विसंबून एखाद्याने पैसा खर्च करून कायम स्वरूपाचे काम उभे केले, तर परवाना मागे घेता येत नाही. म्हणजे शेडच्या पायाचा पहिला दगड पडला, त्या दिवशी आत्याचा 'जा' म्हणण्याचा हक्क धोक्यात आला. घोडी गवत खातात, शेड जमीन खाते. शिवाय कागदाच्या मथळ्यावर 'परवाना' लिहिल्याने तो परवाना होत नाही. १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे, की नाव पाहू नका, व्यवहाराचा गाभा पाहा. सर्वांना वगळून एकट्याला ताबा दिला असेल, तर तो भाडेपट्टा असल्याकडे कल जातो. कुंपणाच्या फाटकाची किल्ली कुणाच्या कमरेला आहे, यावर पुष्कळ काही ठरते.

मग करायचे काय? आत्याने हात बांधून बसायचे काय? नाही. वाटही कायद्यानेच दाखवली आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ मध्ये एक साधे वाक्य आहे. स्थावर मालमत्तेत उभे इमारती लाकूड, उभी पिके आणि गवत यांचा समावेश होत नाही. नोंदणी कायदाही गवताला जंगम मालमत्ता मानतो. म्हणजे या हंगामाचे उभे गवत विकणे हे धान्याचे पोते विकण्यासारखे आहे. त्यात जमिनीचे हस्तांतर नाही. मात्र वर्षानुवर्षे चारण्याचा हक्क लिहून दिला, तर तो जमिनीतून मिळणारा लाभ ठरतो आणि मामला पुन्हा स्थावराकडे जातो. म्हणून मी आत्याला एकच वाक्य सांगितले, "आत्या, गवत विक, जमीन नको."

हे वाक्य व्यवहारात आणायचे तर काय करावे, ते प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे.

सर्वांत आधी सातबारा आणि फेरफार काढा. वर्ग–१ की वर्ग–२, इनामाचा प्रकार कोणता, 'इतर हक्क' रकान्यात कुणाचे नाव घुसले आहे काय, सर्व वारसांची नावे लागली आहेत काय, मुलींची लागली आहेत काय, हे पाहा. भावाला न विचारता भावाने केलेला व्यवहार पुढे घर फोडतो.

विक्री शक्यतो कापलेल्या गवताची करा. पेंढ्या मोजा, पैसे घ्या, विषय संपला. कापायला माणूस नसेल आणि घोडी रानात घालावीच लागली, तर एका हंगामापुरती पावती करा. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या रानातील उभे गवत इतक्या रुपयांना विकले, जमिनीचा ताबा दिलेला नाही, गवत संपताच जनावरे बाहेर काढायची' एवढ्या चार ओळी पुरतात. दोन साक्षीदार घ्या, त्यातला एक लिहिता-वाचता आपला असावा. एकाच माणसाला सलग वर्षानुवर्षे तोच कागद करून देऊ नका.

पाऊस सुरू असताना घोडी घालू नका. ओल्या काळ्या रानात घोड्याची टाप खोल रुतते, माती तुडवली जाऊन घट्ट होते आणि पुढच्या वर्षी तिथे गवताऐवजी तण येते. गाय जिभेने गवत ओढून खाते, तिला वरचे पुढचे दात नसतात. घोडा दोन्ही जबड्यांच्या दातांनी थेट मुळाजवळ कुरतडतो. म्हणून गवत बोटभर उरले की घोडी बाहेर. बांधावर कण्हेर असेल, एरंड असेल, तर आधी तोडा. दोन्ही घोड्याला विषारी आहेत, आणि दुसऱ्याचे जनावर आपल्या रानात मेले तर गावात आपल्या बाजूने कोण उभे राहणार? काटेरी तारेत घोडा बिथरून फाटतो, तेही पाहा. २००६ साली पुणे-पाचगणी भागात घोड्यांत ग्लँडर्स हा रोग आला होता. तो माणसालाही होऊ शकतो. जनावराच्या नाकातून घाण वाहत असेल, अंगावर गाठी असतील, तर रानात घेऊ नका आणि पशुवैद्यकाला कळवा. घोडे शेजाऱ्याच्या पिकात शिरले तर भरपाई घोडेवाल्याची, हे पावतीत लिहा. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात 'गुरे' म्हणताना घोडाही धरला आहे.

पीकपाहणी स्वतः लावा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने मोबाइलवरून आपल्या रानाची नोंद आपण करायची. शहरातल्या मुलाने वर्षातून दोनदा गावी येऊन एवढे तरी करावे. ज्या रकान्यात आपण काही लिहीत नाही, तिथे दुसरा लिहितो.

आणि कुलमुखत्यारपत्र कुणालाही देऊ नका. विजेसाठी नको, बोअरसाठी नको, मोजणीसाठीही नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे चाळीस एकर महार वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, चौकशा लागल्या. त्या प्रकरणातही मुखत्यारपत्राचीच चर्चा होती. चाळीस एकरांची बातमी होते. सव्वा एकराची होत नाही. पण महाराष्ट्रातल्या गावोगावच्या महारवाड्यांतली अशी सव्वा-सव्वा एकरे मिळवली, तर किती चाळीस एकर होतील?

ज्यांच्याकडे गायरानावर अतिक्रमण करून कसलेली जमीन आहे, त्यांच्यासाठी वेगळी सूचना. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्याच्या परंपरेतून पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले, तेव्हाही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद ध्यानात घेतला. तुमचा दावा तुमच्या स्वतःच्या कसण्यावर उभा आहे. ती जमीन दुसऱ्याच्या घोड्यांना दिलीत, तर तुमच्याच हाताने तुमचा पुरावा पुसलात. तिथे गवतसुद्धा विकू नका, पेरा.

चळवळीतल्या काही मित्रांना हे सारे पटणार नाही. ते म्हणतात, बाबासाहेबांनी खेडे सोडा सांगितले, मग या तुकड्याचा मोह कशाला? विकून टाका आणि मुले शिकवा. त्यांना माझे नम्र उत्तर आहे. खेडे सोडा याचा अर्थ सातबारा सोडा असा होत नाही. गुलामी सोडायची होती. गुलामीच्या बदल्यात जी चार काकरे आपल्या बापजाद्यांनी रक्त आटवून राखली, ती सोडायला कुणी सांगितले नव्हते. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले, की शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्या शेताला भांडवल, अवजारे, श्रम किती मिळतात त्यावर ठरते. आत्याचे वावर सव्वा एकर आहे म्हणून पडीक नव्हते. ते पडीक होते, कारण त्याच्या पाठीशी पाच पैशांचे भांडवल नव्हते. रोग भांडवलाच्या तुटीचा आहे आणि आम्ही औषध सुचवतो जमीन विकण्याचे. २००४ पासून दादासाहेब गायकवाडांच्याच नावाची योजना आहे, भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची. अर्ज पडून राहतात, जमीन मिळत नाही. एकीकडे चार एकरांसाठी आपण अर्ज करायचे आणि दुसरीकडे आहे ते सव्वा एकर अंगठ्यावर घालवायचे, हा कुठला शहाणपणा?

दुसरे मित्र म्हणतात, वावर भाड्याने देणे हीच लाचारी, स्वतः कसा. बोलायला बरे वाटते. सत्तरीची बाई कशाने कसणार? आणि स्वतःच्या रानातले गवत भाव करून, पावती देऊन विकण्यात लाचारी कसली? लाचारी आजवर होती. बागायतदाराची गुरे फुकट चरत होती आणि आत्या बांधावर उभी राहून बघत होती. अनुसूचित जातीच्या माणसाच्या जमिनीवर गैरमार्गाने कब्जा करणे, ती कसणे, तिच्या उपभोगात अडथळा आणणे, पीक नष्ट करणे किंवा उत्पन्न नेणे, हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो कलम ३(१)(फ) आणि (ग) मध्ये अधिक स्पष्ट झाला आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण आहे. वावराची वाट अडवली तर तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते. हक्क कागदावर आहे. तो बजावणारा माणूस बांधावर दिसला पाहिजे.

घोडा म्हटले की आमच्या मनात आणखी एक गोष्ट सलते. या देशात आजही दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरातीवर दगड पडतात. २०१८ साली गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात घोडा बाळगल्याच्या रागातून एका दलित तरुणाचा खून झाल्याची तक्रार त्याच्या घरच्यांनी केली. आम्ही घोड्यावर बसलेले चालत नाही, पण आमच्या वावरात घोडी बांधलेली चालतात! ज्यांना आमची जमीन हवी आहे, त्यांना आमची बरोबरी हवी आहे काय, हा प्रश्न करारावर सही करण्याआधी एकदा विचारून पाहावा.

आत्याचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मी त्या गृहस्थाला फोन केला. म्हटले, गवत तयार आहे, या आणि न्या, ताबा मिळणार नाही, शेड होणार नाही. "बघतो," म्हणाले. पुन्हा फोन आला नाही. गवतच हवे असते, तर आले असते. आठवड्याने तालुक्याच्या गावचा, वरातीला घोडी देणारा एक माणूस आला. त्याच्या दोन घोड्या. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे गवत नऊ हजारांना ठरले. पावती झाली. संक्रांतीच्या आधीच गवत संपले, घोड्या गेल्या, रानात लीद राहिली. ती पसरून आत्याच्या धाकट्या मुलाने यंदा मृगात तूर पेरली आहे.

अठ्ठेचाळीस हजार कुठे आणि नऊ हजार कुठे! नातीच्या फीचा प्रश्न उरलाच. तो नुसत्या कायद्याने सुटत नव्हता. शिष्यवृत्तीचा अर्ज एका कागदासाठी अडला होता, तो भावकीतल्या एका शिक्षकाने मार्गी लावला, आणि पहिला हप्ता आम्ही चार नोकरी-धंदेवाल्यांनी मिळून भरला. मी हे बढाईसाठी लिहीत नाही. आम्ही ते केले नसते, तर माझा सल्ला आत्याला परवडला नसता, आणि मी परतल्यावर तिने अंगठा दिला असता. तिला दोष देण्याचा मला अधिकार राहिला नसता. ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याला 'जमीन विकू नको' असे सांगणारा समाज, त्या चुलीत लाकूड घालणार नसेल, तर त्याचा उपदेश पोकळ आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक गावच्या विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर सातबारे उघडा. ज्याच्याकडे जो कागद आहे तो आणा. लिहिता-वाचता येणाऱ्या मुला-मुलींनी मोठ्याने वाचून दाखवावा. तालुक्याच्या ठिकाणी आपला एखादा वकील असतोच, त्याला बोलवा, त्याच्या एस.टी.चे भाडे द्या. दहा घरांची पडीक रानं असतील, तर महिलांच्या बचत गटाने मिळून गवत कापावे, पेंढ्या बांधाव्यात, तबेलेवाल्यांना वजनावर विकावे. एकट्या आत्याला नऊ हजार मिळाले. दहा जणींनी मिळून भाव केला, तर कदाचित जास्त मिळतील, आणि नांगरटीचा खर्चही वाटून घेता येईल. बाबासाहेब ज्या भांडवलाबद्दल बोलत होते, त्याची सुरुवात एवढ्यानेही होते.

आणि तुमच्या गावात कुणी गाडीतून उतरून, पायांतले बूट न काढता, "आजी, नुसती घोडी चारायचीत," असे म्हणाला, तर आजीला सांगा, गवत दाखव, अंगठा दाखवू नको.

जय भीम!